कमरेचा गिलास

दुपारचे चार वाजले की मामाजी चहा घेऊन यायचे. मामाजी म्हणजे माझे सासरे, उकंडराव. ऐंशीला टेकलेले, पण चाल अजून ताठ. आसेगावच्या बसथांब्यापाशी अल्ताफचं हॉटेल आहे. तिथून घरापर्यंत एका हातात काठी, आणि दुसऱ्या हाताच्या बोटाला दोऱ्यानं बांधलेली चहाची प्लास्टिकची पन्नी लटकलेली. आमची सून रत्नमाला पहिलटकरीण. तिला दिवस गेल्याचं कळलं त्याच दिवशी मामाजींनी हा नेम धरला.

"घे वं माय. गरम हाये तोवर पेऊन घे."

"हाव आबाजी," म्हणून रत्नमाला पन्नी घ्यायची, मोरीकडे जायची, आणि मागच्या कडुलिंबाच्या बुडाशी हळूच रिकामी करायची.

मला ते ठाऊक होतं. तिनंच सांगितलं होतं. उपकेंद्रात गरोदर बायांची बैठक झाली, तेव्हा नर्सबाईंनी समजावलं होतं.

"आई, पातळ पन्नीत उकळता चहा ओतला की तिचे बारीक कण अन् काय काय रसायनं चहात उतरतात म्हणे. डोळ्याले दिसत नाई. पोटातल्या लेकरापर्यंत जाऊ शकते, तं कायले ताप घ्याचा, असं त्या म्हणे. पण आबाजीले कसं सांगू? एवढ्या जीवानं आणतात."

"नको सांगू," मी म्हटलं. "लिंबाला पाजत जा."

आमचे हे एसटीत कंडक्टर, आठवड्यातून दोनदा घरी टेकतात. मुलगा उत्कर्ष पुण्यात नोकरीला. घरात आम्ही दोघी, मामाजी आणि चांदी. चांदी आमची गाय. पांढरी, कपाळावर राखाडी ठिपका. रिकाम्या पन्न्या उकिरड्यावर जायच्या, आणि चांदीचा खुंटा उकिरड्याच्या पलीकडे हातभर अंतरावर. हे अंतर तेव्हा कुणी मोजलं नव्हतं.

तो वर्षावासाचा काळ होता. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचला जातो. वंदना होते, त्रिसरण-पंचशील होतं, आणि मग मामाजी पाटावर बसून पांढऱ्या कपड्यातून ग्रंथ सोडतात. मी या घरात आले तेव्हापासून तेच वाचतात. शाळा चौथीपर्यंतची, पण शब्द असा सांभाळून टाकतात जसं कुणी अंधारात पाय टाकावा. सोयाबीन सोंगून थकलेल्या बायाही त्या आवाजासाठी येतात, भिंतीला टेकून डुलक्या घेतात आणि नेमक्या जागी जाग्या होतात.

दर पौर्णिमेला खीर. मी त्या दिवशी अष्टशील घेते, बारानंतर अन्न नाही, म्हणून खीर करायची आणि वाढायची ती सकाळीच. पांढरे प्लास्टिकचे गिलास असायचे, काठाला हिरवी वेल छापलेली. बंदी आहे म्हणतात, पण दुकानात मागितले की काउंटरखालून निघतात. गरम खीर ओतली की गिलास लेचापेचा व्हायचा. मग काठाला चिमटीत धरून, फुंकर मारत खायची. लेकरं हसायची. खाऊन झालं की गिलास विहाराच्या मागे, नाल्याच्या काठावर. चांदीला चरायला सोडायचो तेही तिथंच.

भादव्याच्या पौर्णिमेनंतर दोन-तीन दिवसांनी चांदीनं वैरणीला तोंड लावलं नाही. आधी वाटलं, हिरवं जास्त खाल्लं असेल. मामाजींनी तिला ओवा आणि गूळ दिला, पोट चोळलं. दुसऱ्या दिवशी डावी कूस ढोलासारखी ताणली होती. रवंथ बंद. डोळे असे, की माझ्याकडे बघत होती पण मला बघत नव्हती.

जनावरांचे डॉक्टर आले. औषध दिलं, वाट पाहिली, पुन्हा आले. कुशीवर हात ठेवून बराच वेळ ऐकत उभे राहिले.

"पोट उघडावं लागेल," ते म्हणाले. "आत काहीतरी अडकलंय. थांबलो तर जाईल ती."

अंगणातच केलं. गाय उभीच होती, कूस बधिर केलेली. मामाजींनी तिचं डोकं छातीशी धरलं आणि कपाळावरच्या ठिपक्यावर हनुवटी टेकवली. रत्नमालेला मी घरात जायला सांगितलं, ती दारातून हलली नाही. डॉक्टरांनी हातमोजा घातलेला हात कोपरापर्यंत आत घातला आणि ओढायला लागले. निघत गेलं, निघत गेलं. जुन्या गोधडीच्या चिंध्यांसारखं काळपट, एकमेकांत पिळलेलं. पन्न्या. सुतळी. पुड्यांचे कागद. डॉक्टरांनी ते घमेल्यात टाकलं, घमेलं भरलं, तरी निघतच होतं.

मी पाणी आणायला वाकले आणि मला ती हिरवी वेल दिसली. गिलासाच्या काठाचे तुकडे, चघळून चघळून पातळ झालेले. खिरीचा वास त्यांना लागला असेल, म्हणून तिनं खाल्ले. माझ्या हातची खीर. पहाटे उठून, आंघोळ करून, पाणातिपाता वेरमणी म्हणून झाल्यावर मी ती चुलीवर ठेवत असे. कोणत्याही जिवाला मारणार नाही, असं म्हणून.

मामाजीही घमेल्याकडेच पाहत होते. दोऱ्याची गाठ तशीच असलेली एक पन्नी वर आली होती.

"हे गाठ अल्ताफच्या हातची हाये," ते म्हणाले. आणि पुन्हा चांदीच्या कपाळावर हनुवटी टेकवली.

डॉक्टरांनी टाके घातले. पातळ कांजी, थोडं थोडं कोवळं गवत, आणि लक्ष ठेवा, असं सांगून गेले. तिसऱ्या सकाळी मी वंदना करत होते तेव्हा मागून खसखस आवाज आला. चांदी रवंथ करत होती. मी वंदना पुरी केली, मगच उठले, पण त्या दिवशी तिसरं सरण मी दोनदा म्हटलं असावं.

अल्ताफच्या हॉटेलात जाणं मामाजींनी बंद केलं. चार वाजले की ते ओट्यावर येऊन बसत, रस्त्याकडे बघत. रत्नमाला दारात येई, परत आत जाई.

मी विहारात सहसा बोलत नाही. पण एका संध्याकाळी वंदना झाल्यावर उभी राहिले. आमच्या समितीचा चिटणीस अश्वजित तिथंच होता, त्यानं बायांना गप्प बसवलं. मी सांगितलं, चांदीच्या पोटातून काय निघालं ते. गरम खिरीनं गिलास मऊ पडतो, तेव्हा त्यातलं काय आपल्या आणि लेकरांच्या पोटात जातं, हेही सांगितलं, नर्सबाईंच्या नावानं. मग म्हटलं, "अश्विन पौर्णिमेला समाप्ती आहे. भंते येणार, सगळा मोहल्ला जेवणार. या वेळी फेकायचे गिलास-पत्रावळी नको. ज्यानं त्यानं घरून आपली वाटी आणि ताटली आणावी."

"माही वाटी बदलली तं?" रुखमाबाई म्हणाली. ती आमच्या विहारातली सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात तोंडाळ. "माही पितळेची हाये, माहेरची. कोणाची नजर फिरली म्हणजे?"

"तुही वाटी कोण घेते बाप्पा," मागून कुणीतरी म्हणालं. "चिरलेली हाये ते."

"चिरली तं काय झालं, खीर तं थांबते तिच्यात. तुह्यात गोष्ट थांबत नाई."

सगळे हसले. माना हलल्या. अश्वजित म्हणाला, "ठरलं मंग. घरून आपली वाटी आना." आणि मामाजींकडे वळला, "आबाजी, करा सुरू."

मामाजींनी ग्रंथ उघडलाच नव्हता. त्यांनी पांढऱ्या कपड्याची गाठ पुन्हा नीट बांधली, ग्रंथ पाटावर ठेवला, त्याला हात जोडले, काठी घेतली आणि निघून गेले.

आम्हाला वाटलं, तब्येत बरी नसेल. अश्वजितनं वाचलं त्या दिवशी. दुसऱ्या दिवशीही त्यानंच. तो शाळेत मास्तर आहे, पण घाईनं वाचतो, बसला उशीर झाल्यासारखा. बाया डुलक्या घेत होत्या आणि जाग्या होत नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी मामाजींना जेवायला वाढलं आणि समोर बसले.

"मामाजी, माझं काही चुकलं का?"

ते भाकरी कुस्करत राहिले. "नाई वं भागिरथा. गाय माह्या छातीशी होती. म्या पाह्यलं ना सगळं. ते गिलास बंद झालेच पायजे."

"मग?"

"वाटी घरून आना, हे मले नोको सांगू."

रत्नमाला पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती तिथंच खाली बसली. मामाजी तिच्याकडे बघून बोलायला लागले, बहुतेक तिच्याशी बोलणं सोपं होतं म्हणून.

"माह्या बापाच्या कमरेले जर्मलचा, अल्युमिनियमचा एक गिलास बांधला राहे. करगोट्याले. कामाले जाय तथी तो गिलास, बाजारात जाय तथी तो गिलास. हाटेलवाला वरून चहा ओते, बाप खाली गिलास धरे. पेऊन झालं का आपलाच धुवे, आपलाच बांधे. मी लहान होतो. म्हटलं, बा, तथी एवढ्या कपबशा मांडल्या हायेत, तू त्यातून कायले नाई पेत? तं तो काही बोलला नाई. चालला का तो गिलास करगोट्याच्या किल्लीवर वाजे. खडखड, खडखड. बाप घरी येऊन राह्यला हे मले त्या आवाजानं समजे."

ते पाणी प्यायले.

"छप्पन साली बाप नागपूरहून दीक्षा घेऊन आला. आल्या आल्या तो गिलास सोडला आन् उकिरड्यात पुरला. विहिरीत टाकता आला असता, पण विहीर आपली नव्हती. त्यानंतर बाप चालत येई तं आवाज नाई. मले लई दिवस करमलं नाई, असा येडा मी. मंग समजलं."

"मग हे गिलास आले," मी म्हटलं.

"हे लई मागून आले. पण आले तवा सगळ्यायच्या हातात सारखे आले. पाटलाची तेरवी असो का बाजारातलं हाटेल असो. पेला, फेकला. कोणाचा कोणता, कोणी इचारत नाई. तुमाले त्यात कचरा दिसते, अन् तो कचराच हाये, मी नाई म्हणत नाई. पण मले पह्यल्यांदा तो हातात देल्ला ना, मी फेकला नाई. खिशात घालून घरी आनला होता."

रत्नमाला हळूच म्हणाली, "पण आबाजी, भंतेजीपाशीबी आपलं पात्र राह्यतेच ना. ते घेऊनच फिरतात."

"हाव माय. भंतेनं पात्र आपल्या मनानं घेतलं. माह्या बापाले ते देल्लं होतं."

ताट उचलताना ते म्हणाले, "तुमी करा ना समाप्ती. आना आपापल्या वाट्या. पोरायले काही वाटत नाई त्याचं, चांगलं हाये. मी घरी बसतो, चांदीपाशी."

मामाजींशिवाय समाप्ती. मी पौर्णिमेच्या आधीच्या प्रत्येक सकाळी पंचशील म्हणत होते आणि माझं मन तिथंच अडकत होतं. कोणाला दुखवायचं नव्हतं, ना गाईला ना माणसाला, आणि एकाला वाचवायला गेले तर दुसऱ्याला लागलं. वाटी आणू नका म्हणावं तर परत ते गिलास. आणा म्हणावं तर मामाजी घरी.

आधी पानाचे द्रोण शोधले. आमच्या लहानपणी पळसाच्या पानांच्या पत्रावळी बाया घरी टाचायच्या. बाजारात मिळाले ते वरून पान आणि आतून चकाकती पन्नी चिकटवलेले. दुकानदार कौतुकानं सांगत होता, गळत नाई म्हणून. मी ते परत ठेवले.

येताना मेहबूबभाईंचं बिछायत केंद्र लागलं. मंडप, सतरंज्या, मोठी पातेली, लग्नाकार्याला लागणारं सगळं ते भाड्यानं देतात. त्यांचे वडील आणि मामाजी जुने सोबती. मी पत्रावळींचंच विचारलं, तर ते म्हणाले, "भाभी, पानाच्या कुठं राह्यल्या आता. सबकुछ थर्माकोल. मीच इकून राह्यलो, काय करता."

मागे गोदामात कनातींच्या ढिगाखाली पोत्यांची रांग होती. एका पोत्याच्या फाटक्या कोपऱ्यातून काहीतरी चमकलं.

"ते काय आहे?"

"वाट्या. स्टीलच्या. अब्बाच्या जमान्यातल्या. त्याखाली ताटंबी हायेत. कोणी नेत नाई. नेल्या तं घासून द्या लागते ना, अन् घासते कोण. मोडीत देऊ म्हटलं तं अम्मी देऊ देत नाई."

मी एक वाटी काढली. धुळीनं मळली होती. तळाला ठिपक्या-ठिपक्यांनी त्यांच्या वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलेलं, दुसऱ्या वाटीलाही तेच, तिसरीलाही. सगळ्या अगदी सारख्या. मी ती वाटी हातात घेऊन उभी राहिले ती उभीच राहिले.

"भाभी? काय झालं?"

"मेहबूबभाई, तुम्ही आमच्या घरी याल का? ही वाटी घेऊन. मामाजींशी बोलायला."

ते संध्याकाळी आले, वाटी पदराआड न्यावी तशी रुमालात गुंडाळून. मामाजी ओट्यावर होते.

"सलाम काका. ऐकलं का तुमी रुसून बसले."

"कोण सांगते?"

"पूरा गाव सांगते. रुखमाबाई तं म्हणत होती का तुमी विहार सोडून चांदीले ग्रंथ वाचून दाखवून राह्यले."

"चांदी आयकते तरी," मामाजी म्हणाले. "बस. चहा घेतो?"

"घेतो ना. पन्नीतला नोको."

मामाजींच्या मिशीखाली काहीतरी हललं. मेहबूबभाईंनी रुमाल सोडला आणि वाटी त्यांच्या पुढ्यात ठेवली. मी आधीच घासून दिली होती, संध्याकाळचा उजेड तिच्यात आला. मामाजींनी ती उचलली नाही. नुसती पाहिली.

"तुह्या बापाचं अक्षर हाये."

"हाव. अशा पोतेभर हायेत. पौर्णिमेले तुमच्या विहारात देतो म्हणतो. भाडं नोको. पडून हायेत नुसत्या."

मामाजी वाटीकडे वाकले. मग विचारलं, "मेहबूब, ह्या वाट्या कोणाकोणाच्या घरी गेल्त्या?"

"सगळ्यायच्या. पाटलाच्या पोरीचं लग्न, ते मोठं झालं नाई का, तथी. माह्या भावाचा निकाह. मारवाड्याकडचा वास्तू. तुमच्या अश्वजितच्या बापाचं लग्नबी यातच झालं. अब्बाच्या टाइमले गावात दुसऱ्या वाट्या होत्या कुठं."

"आन् वेगळ्या काढून ठेवेत का काही? आमच्यासाठी येगळं पोतं, पाटलासाठी येगळं?"

मेहबूबभाईंना प्रश्न कळायला क्षणभर लागला. कळला तेव्हा ते हसले नाहीत. डोकं खाजवत म्हणाले, "काका, खोटं कायले बोलू. एक-दोघांनी अब्बाले म्हटलं होतं, आमच्या येगळ्या ठेव. अब्बा म्हणे, वाट्या घासताघासता माही कंबर मोडून राह्यली, आता निवडत बसू का? ज्याले पायजे त्यानं घरून आपली आनावी. म्हणून तं कोरायलेबी एकच अक्षर देल्लं. आता कोणती पाटलाच्या तोंडाले लागली आन् कोणती तुमच्या, हे अल्लाले मालूम."

मामाजींनी वाटी उचलली. उलटी केली, अक्षरावरून अंगठा फिरवला, पुन्हा सरळ केली. मी दाराशी उभी होते, रत्नमाला माझ्या मागे. तिनं माझा हात धरला.

"तुहा बाप लई आळशी होता," मामाजी म्हणाले.

"होताच."

"लई चांगला होता." वाटी त्यांनी मांडीवर ठेवली. "पण एक सांग. ह्या घासीन कोण? खीरबी बायाईनं कराची, वाढाचीबी बायाईनं, अन् मंग वाट्याबी त्याईनंच घासाच्या? तसं असन तं नोको. मंग तो फेकाचा गिलास बरा, असं त्या दोन महिन्यात म्हणतीन. अन् बरोबर म्हणतीन."

हे माझ्या मनात आलं नव्हतं. बाया घासतील हे मी धरूनच चालले होते.

"मंग?" मेहबूबभाईंनी विचारलं.

"माणसं घासतीन, बाया नाई. अश्वजितले सांग भागिरथा. मी पह्यला बसतो. म्हातारा बसला का पोट्ट्यायले उभं राहता येत नाई."

त्या संध्याकाळी ते विहारात आले. पाटावर बसले, कपडा सोडला आणि अश्वजितनं जिथं सोडलं होतं तिथून नाही, तर ते स्वतः जिथं थांबले होते तिथून सुरुवात केली. रुखमाबाई म्हणाली, "आता झोप लागन चांगली."

अश्विन पौर्णिमेला पहाटेपासून विहाराच्या बोअरवेलपाशी गर्दी होती. पोतीच्या पोती उघडली, ताटं-वाट्यांचा ढीग ओतला तेव्हा असा आवाज झाला की नाल्यावरचे बगळे उडाले. धूळ जायला राख आणि चिंच लागली. मामाजी पाटावर बसून घासत होते, लुगड्याच्या चिंधीनं, गोल गोल. अश्वजित पँट गुडघ्यापर्यंत चढवून बसला होता. त्याला पहिल्यांदाच कळलं की वाटीच्या काठाला आतून घासावं लागतं.

"सरजी, हे काही फळा पुसनं नाई," रुखमाबाई वरून बघत म्हणाली. "जोर लावा."

भंते आले. बुद्धपूजा झाली, भोजनदान झालं, त्यांनी आपल्या पात्रात घेतलं. मग पंगत बसली. सूर्य माथ्यावर यायच्या आत सगळं आटोपलं, कारण माझ्यासारख्या अष्टशील घेतलेल्या बऱ्याच जणी होत्या. स्टीलच्या वाटीत खीर जास्त वेळ गरम राहते, बोटाला चटका बसतो. लेकरं वाटी खाली ठेवून वाकून वाकून खात होती. मेहबूबभाई आले होते, बायकोला, लतीफाभाभींना घेऊन. ते मामाजींच्या शेजारी बसले. दोघांनी एकाच वेळी वाटी तोंडाला लावून तळ चाटला, आणि मी दुसरीकडे बघितलं, कारण मला हसू आलं आणि डोळेही भरले.

सगळंच जमलं असं नाही. दोन घरांनी गुपचूप आपले फेकायचे गिलास आणलेच, पाण्यासाठी. दुपारी वाट्या घासायच्या वेळी निम्मी पोरं सोयाबीनची आठवण होऊन पसार झाली, आणि राहिलेल्यांनी त्यांना नावं ठेवली. नाल्याच्या काठावर मागच्या पौर्णिमांचे गिलास चिखलात अजून होते, ते वेचायला दिवाळीनंतरचा एक रविवार ठरवला आहे, बघू किती जण येतात. पण त्या दिवशी विहाराच्या मागे नवीन काही पडलं नाही, आणि पोती मोजूनमापून परत गोदामात नाही गेली. मेहबूबभाई म्हणाले, इथंच असू द्या, लग्नकार्याला ज्याला लागतील त्यानं विहारातून न्याव्या. गावातलं कोणीही.

दोन दिवसांनी दुपारी मी निवडण करत बसले होते. चांदीला उकिरड्यापासून दूर, लिंबाच्या सावलीला बांधायला लागलो होतो. टाक्यांवर केस यायला लागले होते. घरात मामाजी काहीतरी शोधत होते, भांड्यांचा आवाज येत होता.

"काय पाहिजे मामाजी?"

ते बाहेर आले. हातात उत्कर्षचा शाळेतला कडीचा डबा होता, झाकण घट्ट बसणारा. काठी दुसऱ्या हातात. चार वाजले होते.

मी उठून उभी राहिले. काही बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनीच हात केला.

"काही म्हणू नोको. मले कोणी न्यायले सांगतलं नाई. मी माह्या मनानं नेऊन राह्यलो."

ते फाटकातून बाहेर पडले. डब्याची कडी चालताना डब्यावर आपटत होती, आणि तो आवाज वळणापर्यंत ऐकू आला. मग थोडा वेळ ऐकू आला नाही. मग पुन्हा आला, या बाजूनं. रत्नमाला तो ऐकूनच दारात आली.

"घे वं माय. गरम हाये."

तिनं डबा घेतला, झाकण काढलं, ओट्यावरच बसली आणि डब्याच्या काठालाच तोंड लावलं. मामाजी काठी भिंतीला टेकवून तिच्याकडे बघत होते.

"कसा हाये?"

"आलं जास्त झालं आबाजी. पण चांगला हाये."

"लिंबालेबी आलं मानवलं नसन मंग," मामाजी म्हणाले. "म्हणूनच यंदा पानं पिवळी पडली."

रत्नमालेच्या हातातला डबा तोंडापाशीच थांबला. मी खाली सुपात बघितलं.

"तुमाले मालूम होतं?"

"रोज चार वाजता लिंबाखाली चहाचा वास येते, तं काय लिंबानं हाटेल उघडलं असं समजू मी?" ते तिच्या शेजारी बसले. "मले वाटे अल्ताफचा चहा तुले गोड लागत नाई. पण माही फेरी होत होती, तुले भेटनं होत होतं. मंग लिंब पेते तं पेवो."

रत्नमाला हसायला लागली ती थांबेना, पोटाला हात धरून. चांदीनं रवंथ थांबवून एकदा मान वर केली, आणि पुन्हा सुरू केली.

"थोडा ठेव मले," मामाजी म्हणाले आणि त्याच डब्याकडे हात पुढे केला.